ओल्याची गोणी

आमच्या पारोळ्यात सहल ठरते
ती नळाच्या तारखेवरून.
नवव्या दिवशी पाणी. म्हणजे सोमवारी सगळं धुऊन,
मंगळवारी वाळवून, रात्री सुरतच्या ट्रॅव्हल्समध्ये.
रजा, तिकिटं, हॉटेल गुणवंतनं पाहिलं.
नळ मी पाहिला.

पाच माणसं, तीन दिवस, एकच ट्रॉली बॅग.
तिच्या चेनीचा लटकन दिराच्या लग्नात तुटला,
तिथं परकराच्या नाडीचा तुकडा ओवलेला.
किराणा बिलाच्या पाठीवर मी यादी केली:
कृपालीचे चार फ्रॉक
(पाचवा तिनं गुपचूप कोंबला, मी पाहिलं, बोलले नाही),
तेजूच्या चड्ड्या आठ, कारण तेजू आहे,
मोठीमायच्या तीन साड्या, इस्त्रीच्या,
गुणवंतचे शर्ट दोन. म्हणाला, पुरेत.
पुरतातच.
मागं कुणी धुणारं असलं की दोन शर्टांत
माणूस जग फिरून येईल.
माझं काय ते उरल्या फटीत.
आणि सगळ्यात खाली, चौघडी करून,
युरियाची रिकामी गोणी, तीन पाण्यांतून काढलेली.
ओल्यासाठी.

पार्कच्या दारावर पाटी:
सुती कपडे चालणार नाहीत. साडी चालणार नाही.
नायलॉनचा ड्रेस भाड्यानं, शंभर रुपये,
अनामत वेगळी.
मोठीमाय बाहेर आली ती निळ्या टी-शर्टात,
छातीवर नंबर तीनशे सतरा,
पोटऱ्या उघड्या, भाकरीच्या पिठासारख्या पांढऱ्या.
बावीस वर्षांत मी त्या पहिल्यांदा पाहिल्या.
हात सारखा खांद्याकडं जाई,
नसलेला पदर सारखा करायला.

मग भोंगा वाजला आणि लाट आली.
बटण दाबलं की येते ती.
कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मोठीमायनं विचारलं,
"हाई पानी कोठे जास?"
शिट्टीवाला पोरगा साक्रीकडचा निघाला.
हसला, म्हणाला, "फिरी फिरी आठेच येस, माय."
ती थोडा वेळ लाटेकडं बघत राहिली.
"मंग आमना नळले काय व्हयनं?"
त्यानं शिट्टी वाजवली, दुसऱ्याच कुणासाठी तरी.

रात्री हॉटेलात मी नळ सोडला
आणि तो थांबेचना.
आधी ओले धुतले. मग मळके.
मग एकदाच घातलेले.
मग, काय सांगू, न घातलेलेसुद्धा,
तो पाचवा फ्रॉकही, घडी मोडून.
खोलीत कपडे धुऊ नयेत, असं दारामागं लिहिलेलं,
त्या कागदावरच मी टॉवेल टाकला.
टीव्हीवर बनियन, पडद्याच्या दांडीवर साड्या,
एसीच्या तोंडाशी तेजूच्या आठही चड्ड्या
पताकांसारख्या हलत.
दोनला गुणवंत उठला.
बघितलं. वेडी झाली का, असं म्हणणार होता बहुतेक.
मग चादरीचं दुसरं टोक त्यानं धरलं
आणि उलटा पीळ दिला.
पिळायला येतं त्याला. मला माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळी घर.
ट्रॉलीतलं धुणं दोरीवर बघून शेजारच्या लीलाबाई म्हणाल्या,
तुमच्याकडं आज नळ आला का काय?
कुंपणावरून डोकावून टाकीही बघून घेतली.

गोणी राहिली होती, शेवटच्या दिवसाच्या ओल्याची.
उघडली तर तळाशी तांब्याभर पाणी,
औषधाच्या वासाचं, निळसर.
मी मोरीत ओतायला वाकले.
"थांब," मोठीमाय म्हणाली,
आणि फडकं घेऊन खाली बसली.

ओटा, उंबरा, पुढची खोली,
तेवढ्यात जेवढी पुसता आली तेवढी.
संध्याकाळपर्यंत घराला पार्कचा वास येत होता.
तेजू खाटेवर पाय वर घेऊन बसलेला,
खाली उतरेना, म्हणे भोंगा वाजेल आता.

बुधवारला अजून चार दिवस.